काकांची तेलुगू

भर मे महिन्यात, जेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या म्हशीसुद्धा तळ्यातून बाहेर यायला तयार नसतात, तेव्हा लोकरीचा लाल स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून सायकलवर निघणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होता, आणि देवाने तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहायला पाठवला होता. जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत आमच्या आणि काकांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. मी आंधळगावची. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन तिथे आले तोवर काकांच्या ख्रिस्ती पंथाचं लुथरन हे नावही कानावरून गेलं नव्हतं. ख्रिस्ती म्हणजे नाताळात केक वाटणारे लोक, इथवरच माझं ज्ञान. पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी हे गृहस्थ स्वेटर घालून फाटकातून बाहेर पडताना दिसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिवताप आला वाटते बिचाऱ्याले. काढा देऊन ये." मी धावत जाऊन काढा दिला. तो त्यांनी सायकलला टेकूनच घटाघटा प्याला, कारण कुणी प्रेमाने पुढे केलेल्या वस्तूला नाही म्हणणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि मग रुमालाने मिश्या पुसत मला समजावून सांगितलं, "आज पेंटेकॉस्ट हाये, बाई. प्रभू येशू वर गेला, त्याचे शिष्य एका घरात घाबरून बसले होते, अन् पवित्र आत्मा आगीच्या जिभांसारका त्यायच्यावर उतरला. म्हणून आज मंडळीत सगळ्यायनं लाल घालाचं असते. त्यायच्या डोक्शावर आग होती, कोनं पंखा मांगितला का? मंग मी कायले मांगू?" आतून काकूंचा आवाज आला, "घरात दुसरं लाल काही नाही हो, म्हणून! मी नाताळासाठी विणला तर डिसेंबरात पेटीत ठेवतात, खराब होईल म्हणे."

काकू गुंटूरकडच्या. छिंदवाड्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या होत्या. काका तिकडचेच, टायफॉइडने आजारी पडून त्याच दवाखान्यात दाखल झाले आणि बरे झाल्यावरही दहा दिवस निघेनात, अशी त्यांच्या लग्नाची हकिगत. लग्नानंतर काकू हिंदी शिकल्या, मराठी शिकल्या, आमच्याकडची बोली कळण्याइतकी शिकल्या, आणि मराठी तर अशी बोलत की मी लाजावं. फक्त 'ळ' जरा जास्त मायेने उच्चारायच्या. काका मात्र तेलुगूचा एक शब्द शिकले नाहीत. "घरात एक जन शिकला, पुरे झालं," हे त्यांचं उत्तर. सासुरवाडीला गेले की दोन दिवस नुसते हसत बसायचे आणि तिसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून परत यायचे. रजा शिल्लक असायची, हे काकूंनीच मला सांगितलं होतं.

काका कारखान्यात स्टोअरमध्ये होते, पण त्यांचा खरा हुद्दा मंडळीच्या वडिलाचा, म्हणजे चर्चच्या लोकांनी निवडलेल्या कारभाऱ्याचा. त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, लांबून महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार उपासना काका चालवीत आणि पोरांना दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीचा, वर्गही तेच शिकवीत, आमच्या दोघांच्या सामाईक ओसरीत. लुथरन पोरांना एक लहानसं प्रश्नोत्तराचं पुस्तक पाठ करावं लागतं. त्यात दर वचनानंतर एकच प्रश्न येतो: म्हणजे काय? हा प्रश्न काकांच्या तोंडात इतका बसला होता की वर्ग सुटला तरी तो सुटत नसे. कंडक्टर म्हणाला, गाडी आता सुटते, की काका विचारत, "आता म्हणजे काय?" आमच्या घरी पाहुणे म्हणाले, मुलगी सुस्वभावी आहे, की हे भिंतीपलीकडून, "सुस्वभावी म्हणजे काय?" त्यांना पुरून उरली ती एकटी ढिवरांची म्हातारी, तळ्यावरून टोपली घेऊन यायची ती. "ताजे हायेत जी मासे," ती म्हणाली. "ताजे म्हणजे काय?" काकांनी विचारलं. तिने टोपलीतला एक उचलून त्यांच्या हातावर ठेवला. त्याने अशी उडी घेतली की काकांचा चष्मा खाली पडला. "समजलं का जी आता?" म्हातारी म्हणाली. काकांनी त्या दिवशी टोपलीतले पाचही मासे घेतले आणि पुढच्या वर्गात हे उदाहरण पोरांना दिलं.

ही मंडळी म्हणजे एक खिचडीच होती. कारखान्याच्या नोकरीसाठी कुठून कुठून आलेले लोक: आंध्राचे, रांचीकडचे, दोन घरं तामिळ, थोडी आमच्या बाजूची. चर्चची इमारत नव्हती. शहापूरच्या रस्त्याला एका धानाच्या व्यापाऱ्याने आपलं रिकामं गोदाम रविवारपुरतं दिलं होतं. उपासना सुरू झाली की छपराच्या कैचीतून धानाचा कोंडा खाली झिरपायचा आणि पवित्र, पवित्र म्हणता म्हणता निम्मी मंडळी शिंकायची. पेंटेकॉस्टच्या दिवशी उपासनेनंतर तिथेच प्रीतिभोजन असे आणि त्यात शेजारीपाजारी म्हणून आम्हालाही आमंत्रण. घरून एकेक पातेलं न्यायचं. काकांचा नियम एकच, आपल्या घरचं आपण खायचं नाही. "घरचं त रोजच खाता. आज शेजाऱ्याचं खा. प्रीती म्हणजे काय?" असं म्हणत ते पंगतीतून हिंडत. कुणी चोरून आपल्याच पातेल्यात डाव घातला तर पकडत. मी वडाभात न्यायची. तो तामिळ बायका खायच्या, त्यांची चिंचेची आमटी रांचीची माणसं खायची, आणि माझ्या वाट्याला काकूंचा माशांचा रस्सा यायचा, ज्याने डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी दुसऱ्यांदा मागावासा वाटायचा. काका मात्र आपलं सोडून बाकी सगळ्यांचंच खायचे. त्या लाल स्वेटरमध्ये, वर पत्र्याचं छप्पर, समोर अकरा पातेली. घामाने निथळत असायचे आणि चेहरा आनंदाने नुसता फुललेला.

असा हा मोकळा माणूस एका गोष्टीत मात्र दगड होता. मंडळीची भाषा. उपासना मराठीत, आणि ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी अधूनमधून हिंदी. बस. आंध्राच्या लोकांनी किती वेळा विनवलं की निदान पेंटेकॉस्टला तरी आत्मा उतरल्याचा उतारा तेलुगूतही वाचू द्या. त्या दिवशी तर शिष्य निरनिराळ्या भाषा बोलू लागले आणि बाहेर जमलेल्या परक्या मुलखांच्या लोकांनी आपापल्या भाषेत ते ऐकलं, अशीच त्या सणाची गोष्ट आहे. काका म्हणत, "आज तेलुगू, उद्या तामिळ, परवा आनखी काई. मंग एका मंडळीच्या चार मंडळ्या व्हाले किती वेळ?" एका वर्षी हा प्रस्ताव वडीलसभेत खुद्द काकूंनी मांडला. काका अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बायकोच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "नामंजूर." त्या आठवड्यात भिंतीपलीकडून जेवताना फक्त काकांच्या ठसक्याचा आवाज येत होता. काकूंनी मिरच्या कुठून आणल्या होत्या कोण जाणे.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत काकू अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवं अंग गेलं. भंडाऱ्याला दवाखान्यात तीन आठवडे होत्या. घरी आणलं तेव्हा जीव वाचला म्हणून आम्ही सगळे आनंदात होतो. मग लक्षात आलं की त्यांची मराठी गेली आहे, हिंदीही गेली आहे. उरली ती लहानपणची तेलुगू, तीही तुटक. डॉक्टर म्हणाले, मागाहून शिकलेल्या भाषा कधी परत येतात, कधी येत नाहीत. त्या दिवशी काका ओसरीत आमच्या दारापाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. "बाई, ते मले काई तरी मांगून राह्यली," ते म्हणाले. "सकाळपासून एकच शब्द म्हणून राह्यली. पानी नेलं, नाई म्हणते. चादर नेली, नाई म्हणते. रडून राह्यली अन् मले समजून नाई राह्यलं. अठ्ठावीस वर्षं झाले लग्नाले." आणि तो माणूस, ज्याने उभ्या जिल्ह्याला म्हणजे काय विचारलं होतं, माझ्यासमोर तोंड फिरवून रडायला लागला. मीही रडले. मग तिसऱ्या ओळीतल्या आंध्राच्या फिटरच्या बायकोला बोलावून आणलं. तिने काकूंच्या तोंडाला कान लावला. काकूंना खिडकी उघडून हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून काका तेलुगू शिकायला लागले. वय वर्षं पंचावन्न. आणि शिकले कसं? जसं त्यांना सगळं शिकता येत होतं तसं, प्रश्नोत्तराच्या पुस्तकावरून आणि बायबलवरून. फिटरकडून तेलुगू पुस्तकं आणली, त्याच्याकडून वाचून घेत देवनागरीत उतरवली आणि पहाटे उठून दहा आज्ञा घोकायला लागले. मला हसावं की रडावं कळेना. ज्या बाईला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, केस विंचरून द्यायचे होते, तिच्यासाठी या गृहस्थांनी पाठ केलं होतं की खून करू नको आणि शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नको! पंधरा दिवसांनी, मी आणि फिटरची बायको तिथे गेलो असताना, काकांनी पेला हातात घेतला, पलंगापाशी ताठ उभे राहिले आणि तेलुगूत एक लांबलचक वाक्य म्हटलं. फिटरची बायको उंबरठ्यावर मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. तिने मग मला सांगितलं, ते म्हणाले होते, "हे स्त्रिये, तू तान्हेली आहेस काय? तर पाहा, मी तुला जल देईन." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं अर्धं तोंड हललं, पोट हललं, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा त्या हसल्या, इतक्या की मला धावत जाऊन त्यांना सावरावं लागलं. मग डावा हात उचलून त्यांनी पेल्याकडे बोट दाखवलं. "नीळ्ळु," त्या म्हणाल्या. "नीळ्ळु," काका म्हणाले. त्या दिवसापासून बायबल फळीवर गेलं आणि वर्ग काकूंनी घेतला. पाणी नीळ्ळु, दूध पालु, मीठ उप्पु. काकांनी घरभर खडूने लिहून ठेवलं आणि भिंतीपलीकडून इतक्या मोठ्याने पाठ केलं की महिन्याभरात माझ्या सासूबाईही मला "उप्पु कमी झालं" म्हणायला लागल्या.

त्या वर्षी पेंटेकॉस्टला काकूंना रिक्षातून गोदामात आणलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. काका स्वेटर घालून पुढे उभे राहिले. आधी म्हणाले, "एक प्रस्ताव मी नामंजूर केला होता. मी चुकलो. माफ करा." एवढंच. मग वही उघडली आणि आत्मा उतरल्याचा उतारा तेलुगूत वाचायला लागले. त्या उताऱ्यात परक्या मुलखांची पंधरा-सोळा नावं एका दमात येतात, जी पाळकसाहेबांनाही मराठीत धड येत नसत. दुसऱ्याच ओळीला खुर्चीतून आवाज आला, "कादु." म्हणजे, तसं नाही. काका थांबले. काकूंनी शब्द सांगितला. काकांनी म्हटला. "कादु." पुन्हा म्हटला. चौथ्यांदा काकूंनी मान डोलावली, तेव्हा पुढे. साऱ्या मंडळीसमोर, तेवढ्या उकाड्यात, मंडळीचा वडील बायकोपुढे पोरासारखा धडा म्हणत होता. एरवी तीन मिनिटांत संपणारा उतारा संपायला अर्धा तास लागला. मागे पातेल्यांतलं अन्न तापत होतं, वरून कोंडा पडत होता, आणि कुणी शिंकलं नाही की जागचं हललं नाही. शेवटची ओळ संपली. काकांनी वही मिटली आणि घाबरून काकूंकडे पाहिलं. काकू हळूहळू, एकेक शब्द जोडत काहीतरी बोलल्या. आंध्राच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी फिटरच्या बायकोला कोपराने ढोसलं, "काय म्हणाल्या?"

"काकू म्हंते," ती म्हणाली, "एवढ्या वर्षानं तुम्ही माझ्या माहेरी आले. बसा आता."

शहाऐंशी साली काका रिटायर झाले आणि दोघं गुंटूरकडे राहायला गेली. छिंदवाड्याला भावांची घरं होती, पण काकूंना बोलायला माणसं पाहिजेत, असं काका म्हणाले. स्वतः तोवर तेलुगूत भांडण्याइतके तयार झाले होते. नागपूरच्या गाडीवर पोचवायला आमची सगळी ओळ आली होती. काका सगळ्यांना तीन भाषांतून सूचना देत होते. मी खिडकीपाशी जाऊन काकूंचा डावा हात धरला. आमचं तीन वर्षं बोलणं असं झालंच नव्हतं, नुसतं हात धरून बसायचो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळाला आठ्या पडल्या. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "येते."

मी गाडीबरोबर थोडी धावले. "काका, ऐकलं का, काकू मराठी बोलल्या!" पण काका पलीकडच्या बाजूला सामान मोजत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. काकू पुन्हा आल्या नाहीत. मी अजून कुणाचा निरोप घेताना येते म्हटलं की समोरच्याचा हात घट्ट दाबते, आणि घरातली माणसं विचारतात, काय झालं. मी काही नाही म्हणते.