खोट्या तारेनं बुडालेलं सत्र

माझी बायको डॉक्टर होती. सुई टोचणारी नव्हे, ज्वारीवर पीएचडी केलेली. मी चौथी नापास. लग्नाच्या वेळी ती मॅट्रिक होती आणि तिच्या बापानं एकच अट घातली होती, पोरगी शिकेल तिथवर शिकवायची. मी हो म्हणालो. कुठवर शिकेल हे मला काय ठाऊक. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. आता खोटं बोलून कुणाला फसवायचंय, म्हणून लिहितो.

लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या वाढल्या, शिपाई लागले, आणि मी रेणापूरकडचं गाव सोडून एका कचेरीत चिकटलो. हजेरीपट माझ्याच ताब्यात. वेळ टळली की तो उचलून साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, मग उशिरा येणाऱ्याला लाल शेरा. भले भले मला नमस्कार करायचे.

त्याच सुमारास तिची पीएचडीची नोंदणी नांदेडच्या एका कॉलेजात झाली. तिथंच वसतिगृहात राहायचं. रोज सकाळी मार्गदर्शक सरांच्या खोलीत जाऊन सही करायची. वर्षाला तीस दिवस रजा, तीही सरांनी अर्जावर सही केली तर. रजा संपल्यावर गैरहजेरी लागली आणि कारणाचा पुरावा दिला नाही तर ते सहामाही सत्र धरायचं नाही. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा जेवताना तिनं हे सगळं सांगितलं.

मी विचारलं, "म्हणजे तुला घरी यायचं तर त्याला विचारायचं?"

"त्याला न्हाई, त्यांना," ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

त्या वर्षी दुष्काळ पडला. लातूरचे नळ कोरडे, टँकर चौथ्या दिवशी. मी आणि माझी आई घागरी घेऊन रांगेत. तिकडं नांदेडात ही साठ कुंड्यांतल्या ज्वारीला मापानं पाणी घालून बघायची, कोणतं वाण कमी पाण्यावर तग धरतं ते. पत्रात दोन ओळी आईला, एक मला, बाकी सगळे सर. सर म्हणाले, सरांनी दाखवलं, सर हसले. त्या माणसाला एवढं हसायला काय झालं होतं, देव जाणे.

एकदा न सांगता नांदेडला गेलो. दोघं कुंड्यांपाशी उकिडवे बसले होते, एका पानावर नजर लावून. ती काहीतरी बोलली आणि सर खदखदून हसले. बायको एवढी गमतीची आहे हे मला दहा वर्षांत कळलं नव्हतं. सर हात पुसत उठून आले. "या पाव्हणे, चहा घेऊ." माणूस चांगला होता. तेच जास्त लागलं. वाईट असता तर भांडलो तरी असतो.

आठ दिवसांनी मी तार केली. आई सिरियस, ताबडतोब ये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली तेव्हा आई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. "का गं, मधीच कशी आलीस?" आईनं विचारलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. "सहज," ती म्हणाली, पिशवी ठेवली, दोन घागरी उचलल्या आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

नंतर कळलं, तिची रजा आधीच संपली होती. तिचा बाप वारला तेव्हा सगळी गेली होती. आता डॉक्टरचा दाखला जोडला नाही तर सत्र बुडणार. मी म्हणालो, "दाखला मी आणतो. आमच्या कचेरीत लई जण आणतात."

"खोटी तार तुम्ही केली. आता खोटा दाखला मी देऊ?"

मग मीही तिच्यासोबत बसमध्ये बसलो. नांदेड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. सरांसमोर उभा राहून मी सांगून टाकलं, "आई ठणठणीत हाय. तार मी केली. हिला ठाऊक नव्हतं."

"का केली?"

"तुमच्यावर जळून."

सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "हेच लिहून द्या. मी वर पाठवतो. फसवून बोलावलं म्हटल्यावर सत्र वाचेल."

मी लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या आणि तिनं माझ्या हातातला पेन काढून घेतला. "यांचा कागद फाइलीत नको, सर. गैरहजर लावा."

"सहा महिने पुढं जाईल."

"जाऊ द्या."

सरांनी मान हलवली. तिनं माझी लाज झाकली हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. मला बसस्टँडवर येईपर्यंत कळलं नाही, आणि कळलं तेव्हा सांगायला ती जवळ नव्हती, ती कुंड्यांकडं गेली होती.

चार दिवसांसाठी बोलावलेली बायको मी सहा महिने लांब घालवली. नांदेडात, त्याच हजेरीपटावर. आज ते सहा महिने मला पाहिजेत.

ती गेल्यावर सर भेटायला आले. वाकलेत आता. चारचौघांत हमसून हमसून रडले. मला तसं रडता आलं नव्हतं. मी उठून त्यांना पाणी आणून दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत तोंड भिंतीकडं करून उभा राहिलो.