बंड्याचं डाएट

गरोदर गिनीपिगला मी एकदा डाएटवर ठेवलं होतं. तेव्हा पासष्टीची होते, अक्कल यायची होती. शेजारणीने दिलेल्या त्या प्राण्याला मी परस्पर ‘बंड्या’ केलं आणि तो फुगायला लागल्यावर त्याचं गवत निम्मं केलं. तो मलूल पडला, तशी घाबरून टोपली घेऊन कात्रपच्या घरून थेट कॅम्प पाच वस्तीतल्या प्राण्यांच्या दुकानात गेले. तिथला सिंधी दुकानदार प्राण्याला हात लावण्याआधी तळव्यांवर फुंकर मारून ते गरम करायचा. “आमचा बंड्या मलूल पडलाय,” म्हटल्यावर त्याने पोट चाचपलं आणि ढीगभर गवत बंड्यापुढे टाकलं. 

“खाऊ द्या तिला. पोटुशी आहे.”

आठवड्यात तीन पिल्लं झाली, तिन्ही ठणठणीत! मी ऐटीत पेढे घेऊन गेले. पेढा खात तो म्हणाला, “माँजी, बारसं जोरात करा. फक्त नाव ठेवायच्या आधी पिल्लं मला दाखवा.”