केराटिन आधी माझ्या केसांवर

माझ्या केसांबद्दल बोलायचा हक्क आपल्याला जन्मापासूनच मिळालाय, असं अंबरनाथ पूर्वेतल्या निम्म्या बायकांना वाटतं. केस कमरेपर्यंत लांब, दाट आणि कुरळे. जाहिरातीत दाखवतात तसे लाडिक वळणांचे नव्हेत, कंगव्याचे दात मोडणारे कुरळे. लहानपणी लोक त्यांना झिंज्या म्हणायचे, कॉलेजात नूडल्स म्हणायचे. आता चाळिशी जवळ आली तर भाजीवालीसुद्धा पिशवीत कोथिंबीर टाकता टाकता विचारते, "ताई, स्मूदनिंग का नाही करून घेत?" मी यातल्या प्रत्येकीशी भांडलेय. भांडायला मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते.

म्हणून मी स्वतःच्या पायांनी उल्हासनगरला जाऊन केराटिनचं किट आणलं, तेव्हा घरात सगळे बघत राहिले. कारण होतं माझी मुलगी. वय नऊ, चौथीत, आणि डोक्यावर सगळे माझेच केस. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. नाच बसवणाऱ्या टीचरनी सांगितलं होतं की पुढच्या रांगेतल्या मुलींनी केस मोकळे सोडायचे, आणि ते सरळ हवेत, सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात. मग हिच्याकडे बघून म्हणाल्या, "तुला मागे घ्यावं लागेल. नाहीतर आईला सांग काहीतरी करायला."

घरी येऊन ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. बाथरूममध्ये गेली, डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं आणि केस दोन्ही हातांनी खाली ओढून आरशासमोर उभी राहिली. केस वाळायला लागले की वर जायचे, ती पुन्हा पाणी ओतायची. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने मला विचारलं, "आई, आपले केस खराब आहेत का?" मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, "तू आई आहेस म्हणून म्हणतेस."

मी तेव्हाच चप्पल घालून शाळेत निघाले होते. तिने हात धरला. "तू भांडू नको ना. भांडलीस की मला नाचातून काढूनच टाकतील. फक्त सरळ करून दे." माझं नऊ वर्षांचं पोर स्वतःच्याच डोक्याचा राग राग करायला लागलं होतं. मला ते थांबवायचं होतं, आणि कसं थांबवायचं ते मला कळत नव्हतं.

पार्लरवालीने एवढ्या लहान मुलीला करणार नाही म्हणून स्वच्छ सांगितलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. टँकर आला की आधी बाटलीभर नमुना काढायचा, तपासायचा, पास झाला तरच माल आत घ्यायचा, हे माझं पंधरा वर्षांचं काम. घरातही तसंच करायचं ठरवलं. आधी माझ्या डोक्यावर लावून बघायचं, पास झालं तर तिच्या.

उल्हासनगरच्या बाजारात पार्लरच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यातल्या एका दुकानात एक सिंधी आंटी गल्ल्यावर होती. तिने माझी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. "इतने लंबे बाल, घर पे करोगी? दो बाटली लगेगी." मी पिशवी उचलल्यावर तिने मला परत बोलावलं. "और सुनो बेटा, खिडकी खुली रखना, पंखा चालू. बंद कमरे में बिलकुल नहीं करना." बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलं होतं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. कंपनीत अशी यादी मी भिंग लावून वाचते. इथे नाही वाचली. बूच उघडून वास घेतला, चॉकलेटचा आला, आणि मी माल पास करून टाकला.

रविवारी सकाळी नवरा फर्स्ट शिफ्टला गेला. सासूबाई हॉलमध्ये मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्या चामटोली गावच्या, शेतात राबलेल्या. माझ्या डोक्यावर चाललेला उद्योग त्यांना मुळीच पटला नव्हता. मी बेडरूममध्ये आरशासमोर बसले. आंटीने सांगितल्याप्रमाणे खिडक्या उघड्या, बाल्कनीचं दार उघडं, पंखा पाचावर. मुलगी पलंगावर बसून मला क्लिपा देत होती. शाम्पू झाला, ड्रायर झाला, ब्रशने एकेका बटेला ते लोशन लावून झालं, अर्धा तास थांबून पुन्हा ड्रायर झाला. मग गरम स्ट्रेटनर. एक बारीक बट घ्यायची आणि मुळापासून टोकापर्यंत सात वेळा दाबत न्यायची. पांढरा धूर निघाला. बट खाली पडली ती एकदम सरळ, चकचकीत. मुलगी म्हणाली, "बापरे, आई!"

डावी बाजू होत आली तेव्हा डोळे चुरचुरायला लागले. नाकात काहीतरी उग्र घुसलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसाला असा वास आला की काय करायचं, हे शिकवावं लागत नाही. नाकाला झोंबलं की हात आधी खिडकीकडे जातो, विचार मागून येतो. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "कंपनीवाल्यांनी गॅस सोरला गो! खिरक्या लाव!" त्यांनी हॉलची आणि स्वयंपाकघराची खिडकी धाडधाड लावली, बाल्कनीचं दार ओढून घेतलं. आणि मी, लॅबमध्ये पंधरा वर्षं काढलेली बाई, एका हातात स्ट्रेटनर धरून दुसऱ्या हाताने बेडरूमची खिडकी लावली. बिल्डिंगच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरून मेसेज आला, "गॅस आला आहे, सर्वांनी खिडक्या बंद ठेवाव्यात." आमची अख्खी विंग बंद झाली. रविवारीसुद्धा यांना सुट्टी नाही, असं म्हणत आणि कंपन्यांना शिव्या घालत मी पुढची बट घेतली.

मुलगी खोकली. मग पुन्हा खोकली, आणि तो खोकला थांबेचना. वळून पाहिलं तर तिचे डोळे लालबुंद, गालांवर पाणी. नेमक्या त्याच वेळी स्ट्रेटनरचा धूर सरळ माझ्या नाकात गेला आणि मला कॉलेजचं ते कपाट आठवलं, ज्यात बरण्यांमध्ये बेडूक ठेवलेले असायचे. फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड. गॅस आनंदनगरहून आलाच नव्हता. माझ्या डोक्यातून निघत होता, आणि मी माझ्या लेकीला त्याच्याबरोबर खोलीत कोंडून ठेवलं होतं.

मी तिला उचलून बाल्कनीत नेलं, एकेक खिडकी उघडली. सासूबाई ओरडत होत्या की गॅस आत येईल. मी त्यांच्यावर खेकसले, ते मला शोभलं नाही. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, डोळे धुवायला लावले, घाबरण्यासारखं काही नाही पण दिवसभर मोकळ्या हवेत ठेवा म्हणाले. परत आल्यावर मी भिंग काढलं आणि बाटलीची मागची बाजू वाचली. मेथिलीन ग्लायकोल. फॉर्मल्डिहाइड पाण्यात घातलं की जे होतं ते, आणि तापवलं की पुन्हा फॉर्मल्डिहाइड. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी कंपन्यांविरुद्ध तक्रारीसाठी सह्या गोळा करत दारात आले. मी टॉवेल काढून त्यांना डोकं दाखवलं. डावी बाजू सरळ, उजवी कुरळी. "काका, गॅस इथून आला," मी म्हटलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते खाली गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला कळलं. सासूबाई म्हणाल्या, "आता अर्धं डोकं घेऊन कंपनीत जाशील का गो?" झालं, मी हट्टाला पेटले. सोमवारी सकाळी एक्स्टेन्शनची वायर घेऊन गच्चीवर गेले, तोंडावर कंपनीतला गॅसचा मास्क चढवला आणि उघड्या आभाळाखाली उजवी बाजूही सरळ करून टाकली. हे चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण तोंडघशी पडली म्हणून लोकांनी हसावं, हे मला त्या दिवशी सहन होणार नव्हतं.

मग कौतुक सुरू झालं. भाजीवालीने फुकट मिरच्या घातल्या. लॅबमधल्या मुली केसांना हात लावून बघायच्या. नवरा दोनदा म्हणाला, "वेगळीच दिसतेस." सासूबाईसुद्धा म्हणाल्या की आता बाईचे केस वाटतात. मला आवडलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी प्रत्येक काचेत बघत होते.

मुलीला मी सांगितलं, "माल फेल. तुझ्या डोक्याला मी हे लावणार नाही." ती बरं म्हणाली. पण आम्हा दोघींची रोज संध्याकाळची एक सवय होती. रुंद दातांचा एक कंगवा घेऊन आम्ही आरशासमोर बसायचो, ती माझा गुंता सोडवायची, मी तिचा. अर्धा तास सहज जायचा, आरडाओरड व्हायची. बुधवारी संध्याकाळी पुन्हा बसलो तर माझे केस मिनिटभरात विंचरून झाले. ती कंगवा हातात धरून तशीच बसली. आरशातून आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे बघितलं.

"बाबांचे सरळ आहेत," ती म्हणाली. "आजीचेपण. आता तुझेपण झाले. मग माझ्यासारखं कोण आहे?"

माझी लाज वाटली मला. मी तिला तोंडाने सांगत होते की आपले केस छान आहेत, आणि डोक्याने तिला भलतंच दाखवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी ते धुऊन काढायच्या मागे लागले. मिठाचं पाणी, सगळ्यात कडक शाम्पू, रोज सकाळी. केस कुरळे झाले नाहीत, काथ्यासारखे कोरडे मात्र झाले. डाव्या बाजूचे तुटायला लागले. दोन आठवड्यांनी मी पार्लरमध्ये जाऊन म्हटलं, मानेपर्यंत काप. पार्लरवालीने तीनदा विचारलं. माझे तीस वर्षांचे केस फरशीवर पडले तेव्हा मी रडले, अगदी हुंदके देऊन रडले. त्या केसांसाठी मी किती जणांशी भांडले होते, आणि शेवटी त्यांची वाट मीच लावली.

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बायमाणसानं एवरे केस कापावं का?"

"आई, केस माझे आहेत," मी म्हटलं. "सरळ केले तेव्हाही माझे होते, कापले तेव्हाही माझेच."

राहिलेले केस वाईट दिसत होते. मुळाशी थोडी वळणं, खाली सरळ, टोकं फुटलेली, ना धड हे ना धड ते. मी तसेच घेऊन कंपनीत गेले, भाजीला गेले, सासरच्या एका साखरपुड्याला चामटोलीला गेले आणि फोटोत मुद्दाम पुढे उभी राहिले. कोणी विचारलं तर सांगत होते, घरी केराटिन केलं, फसलं, कापले. मुलगी घरात माझ्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी बघायची. "आई, तू खूप विचित्र दिसतेस," ती एकदा म्हणाली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग कंगवा घेऊन आली. डोक्यावर पाणी ओतणं तिने कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. कपडे घालायला मदत म्हणून मुलींच्या आयांना बोलावलं होतं. हिने केस रबराने बांधले होते. टीचर रांगा लावत लावत आमच्यापाशी आल्या, हिच्या डोक्याकडे बघून थांबल्या. "अगं, सरळ करून येणार होतीस ना तू?"

माझं तोंड उघडलं होतं. महिनाभर मी ते वाक्य घोळवत होते, चांगलं लांबलचक आणि झोंबणारं. पण ती माझ्या आधी बोलली.

"आईने करून बघितले, टीचर," ती म्हणाली. "चांगले नाही दिसले."

टीचरनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी मान वर करून उभी राहिले, त्यांना नीट बघू दिलं. त्या क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे, मग तू शेवटच्या रांगेत जा. आणि केस बांधलेलेच असू देत." ती गेली. मी टीचरच्या मागे निघाले, आता काही मी ऐकणार नव्हते, तेवढ्यात तिने शेवटच्या रांगेतून माझ्याकडे बघून मान हलवली. नको. गाणं सुरू झालं. तिने दोन्ही हात मागे नेले, केसांचा रबर ओढून काढला, मनगटात घातला आणि नाचायला लागली.