चटका आणि पंचा

बाबांची गिरणी बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती, आणि अलीकडे ते माणसं-नावं विसरू लागले होते. आम्ही मुलुंडच्या चाळीत राहायचो. एका सकाळी बाबांनी स्टोव्हवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि तसेच धरून उभे राहिले. आईने ते हिसकावून घेतलं तोवर तळहातांवर फोड आले होते. बाबांना त्याचं काहीच नव्हतं.

आणि आंघोळीला ओला पंचा अंगाला लागला की हाच माणूस ओरडायचा, "भाजता माका." एकदा त्यांनी आईला ढकललं, ती मोरीच्या कठड्यावर आपटली.

डॉक्टरांना मी विचारलं, "यांना चटका कळत नाही आणि पंचा भाजतो, असं कसं?"

"वय झालं की विसरतात माणसं. तुम्ही किती शिकलात?"

"बारावी. पण मी विसरण्याबद्दल विचारत नाहीये."

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग दहिसरहून मोठे काका आले. "नाटकं आहेत सगळी. बायकोला मारायचं बरं कळतं." मी ऑफिसातून परतले तेव्हा बाबांचे दोन्ही हात आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधलेले होते. पट्टी फोडांवर घासत होती. काका शेजारी बसून चहा पीत होते.

"सोडा त्यांना."

"तुझ्या आईसाठीच केलंय."

"सोडा म्हणते ना. आणि निघा."

"अगं, मोठे आहेत ते," आई म्हणाली. मी कात्री घेतली आणि पट्टी कापली. काका चपला घालून निघाले, परत कधी आले नाहीत.

बाबा थरथरत होते. हळूच हात फिरवला तर त्यांनी अंग चोरलं, तेव्हा काकांवरच्या रागाच्या भरात मी त्यांचे खांदे घट्ट दाबून धरले. ते शांत झाले. त्यानंतर आई पंचा न वापरता पूर्ण तळहात दाबून त्यांना आंघोळ घालायची. काही दिवस जमायचं, काही दिवस नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

खूप वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, की विसरण्याच्या या आजारात, म्हणजे डिमेन्शियात, स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, पण तिथे त्याचा अर्थ लावताना गडबड होऊ शकते. दोन मिनिटं लागली त्यांना सांगायला. तेव्हा तेवढी दोन मिनिटं आम्हाला कोणी दिली नाहीत, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.