तांडेलाचं पुढे काय झालं

पानामागे दोन रुपये, ही अक्कल माझी.

गेल्या पावसाळ्यात दहिसर नदीचं पाणी आमच्या शाळेच्या तळमजल्यात शिरलं आणि वाचनालयातल्या बहुतेक पुस्तकांचा लगदा झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी माजी विद्यार्थ्यांना बोलावलं. त्या वाचनालयाचं एकही पुस्तक मी कधी वेळेवर परत केलं नव्हतं, म्हणून मीटिंगला सगळ्यात पुढे मीच बसलो. आणि उठून बोललोही. मुलांनी महिनाभर वस्तीतल्या मोठ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची, ऐकणाऱ्याने पानामागे दोन रुपये द्यायचे, त्यातून नवी पुस्तकं आणायची, आणि सगळ्यात जास्त पानं होतील त्या चाळीला बक्षीस. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालायचं बंद होतं.

पण वस्तीने ते मनावर घेतलं. नाक्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसाच ऐकत बसायचा. मासळीवाली मावशी म्हणायची, "वाच गं, पण माश्या हाकत वाच."

आमच्या घरी समोरच्या खोलीतली चौथीतली मुलगी यायची, बाबांसाठी. बाबा जन्मभर गिरणीत राबले, आणि म्हातारपणी काचबिंदूने त्यांची नजर नेली. तिने आणलेलं पुस्तक पुरातून वाचलेलं, उन्हात वाळवून फुगलेलं, जाडजूड. गोष्ट एका तांडेलाची. वादळात त्याची होडी भरकटते आणि घरचे किनाऱ्यावर वाट बघत बसतात. पोरगी ओळीवर बोट ठेवून वाचायची. तिच्या वाचनात स्वल्पविराम नव्हते, दम संपला की वाक्य संपायचं.

"गे बाय, दमान," बाबा सांगायचे. "वादळ खंय पळान जाता?"

संध्याकाळी पाच वाजल्यापासून ते स्वच्छ शर्ट घालून खाटेवर बसलेले असायचे.

मधेच मला कळलं की पलीकडच्या चाळीतली पोरं पानांत आमच्या पुढे गेलीत. झालं! मी पोरीला जिन्यात गाठलं. "अगं, एवढ्या बारीक अक्षरांचं पुस्तक घेऊन बसलीस तर आपली वाट लागेल. ती मोठ्या अक्षरांची, चित्रांची घे. पानं भराभर होतील."

ती शहाणी मुलगी, मोठ्यांचं ऐकणारी. दुसऱ्या दिवसापासून बाबांना ससा ऐकावा लागला. मग हत्तीचा वाढदिवस. मग शाळेला निघालेली मुंगी. बाबा सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणायचे, कारण पोरीचं मन मोडायचं नव्हतं. तांडेलाचं पुस्तक मात्र त्यांनी परत दिलं नाही. पोरीने आत खुणेला घातलेल्या बसच्या तिकिटासकट ते उशाखाली ठेवून दिलं.

एकदा मी खाटेला टेकून समारंभाचे बॅनर रंगवत होतो. बाबांनी विचारलं, "त्या तांडेलाचा काय झाला रे? परत इलो?"

"आला ना. सुखरूप," मी ब्रश न थांबवता सांगितलं.

"तू वाचलस?"

"हो तर."

बाबांचा थोरला भाऊ असाच होडीवर गेला होता आणि आला नव्हता. आजी मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त 'वाचन' मधला 'च' नीट येत नव्हता, एवढंच होतं.

"तुका खोटा बोलूक कधी जमला नाय," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले.

त्यांचं कार्य आटोपलं आणि पुढच्या रविवारी शाळेचा समारंभ झाला. आमची चाळ पहिली आली. पटांगण माणसांनी भरलं होतं. मी वाचनाचं महत्त्व या विषयावर बोललो, बरंच बोललो. बाईंनी बाबांचा 'आमचे सर्वांत रसिक श्रोते' असा उल्लेख केला. न्हाव्याने डोळे पुसले. लोक येऊन म्हणाले, नशीबवान म्हातारा, शेवटपर्यंत घरात वाचन चालू होतं. मी हात जोडून मान हलवत होतो.

संध्याकाळी पोरगी दारात आली. बक्षिसाचा कंपास अजून हातातच.

"काका, ते जाडं पुस्तक शाळेत द्यायचंय. पण आधी मला संपवायचंय."

मी खाटेकडे गेलो. उशी अजून कुणी हलवली नव्हती. तिकीट होतं तिथेच होतं, पुस्तकाच्या जेमतेम मध्यावर. ज्या खाटेला टेकून मी महिनाभर बॅनर रंगवले, त्याच खाटेवर, माझ्या हाताच्या अंतरावर ते पुस्तक पडून होतं.

"बस," मी म्हटलं. "इथेच वाच. मी ऐकतो."

तिने पुस्तक घेतलं, उघडलं नाही. रिकाम्या खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, तुम्हाला तर वाचता येतं ना? मग आजोबांना तुम्हीच का नाय वाचून दाखवलं?"