उमाताईंचं तयारीचं वर्ष

उमाताई फोनवर कधी बसून बोलत नसत. विद्यापीठाला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि तिकडचं संगीत वाजत असताना कणीक मळायला घ्यायची. कधी कधी पोळ्या लाटून व्हायच्या, तरी पलीकडे माणूस आलेला नसे. "निदान कणीक तरी मऊ होते," त्या म्हणत.

इकडे परदेशात, न्यू लिन या उपनगरात, आमच्या घरामागच्या खोलीत त्या भाड्याने राहायच्या. सांगलीच्या बी.एस्सी., इथे एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या. तिशी उलटल्यावर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नळी भरली की माझं काम संपतं. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते मला कुणी सांगत नाही."

मेडिकलला जायच्या दोन वाटा होत्या. अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं, नाहीतर एक वर्षाचा डिप्लोमा करून पदवीधरांच्या जागांसाठी अर्ज करायचा. उमाताई विद्यापीठाच्या सल्लागार बाईंना प्रत्यक्ष जाऊन भेटल्या. भारतातली पदवी चालेल ना, हेच त्यांनी आधी विचारलं. "स्वीट अ‍ॅज. काहीच अडचण नाही. डिप्लोमा केलात की झालं," बाई म्हणाल्या.

मग लॅबचं काम कमी करून त्यांचा अभ्यास आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. माझी मुलगी इरा मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. ती एकदा म्हणाली, "बट यू ऑलरेडी वेन्ट टू युनी, मावशी."

"हो गं बाई. ते जरा त्यांना सांग," उमाताई म्हणाल्या.

डिप्लोमाला त्या उत्तम गुणांनी पास झाल्या. अर्ज केला, आणि नकार आला. मूळ पदवी इथलीच हवी होती, डिप्लोमा पदवीत धरत नाहीत. बरं, पहिल्या वर्षाची वाट इथे आधी काही न शिकलेल्यांनाच, त्यामुळे डिप्लोमा झाल्यावर आता तीही बंद. त्यांनी फोन लावला. या वेळी कणीक नव्हती. पलीकडे एक नवा मुलगा होता.

"नियम बदलला का?" त्यांनी विचारलं.

नाही, नियम तोच होता. त्या सल्लागार बाई मात्र आता तिथे नव्हत्या.

"मग त्या बाईंना तो कुणी सांगितला नव्हता?"

तो म्हणाला, "आय हिअर यू."

उमाताईंनी फोन ठेवला. "ऐकू येतंय म्हणे," एवढंच बोलल्या आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

मी हट्टाने त्यांना तक्रार करायला लावली. गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं चार ओळींचं उत्तर आलं. वर्ष कुणी परत दिलं नाही.

शेवटी त्यांनी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. तिथे त्यांची पदवी चालत होती, पण प्रवेशपरीक्षा नव्याने द्यायची होती. ती त्यांनी आतापर्यंत दोनदा दिली. जागा अजून मिळालेली नाही.

निघाल्या त्या दिवशी मीच त्यांना विमानतळावर सोडलं. वाटभर मी त्या बाईंना, त्या मुलाला, त्या दिलगिरीला शिव्या घालत होते. उमाताई खिडकीबाहेर बघत होत्या. गाडी थांबल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"माझा राग तू संपवू नकोस गं," त्या म्हणाल्या. "मला तिकडे लागणार आहे."

बॅग त्यांनी स्वतःच उचलली.