काकूंचं घर बंद

काकू कधी कुणाला नाव विचारत नसत. 'घरात कोण कोण असतं?' एवढंच विचारत. लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत तुमच्या सासूच्या गुडघ्यापर्यंतची माहिती त्यांच्याकडे जमा झालेली असे.

हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीचा मान कुणाला कधी, हे काकू ठरवत. दर आरतीला दोन घरं. "एकही घर सुटता कामा नये," त्या बजावत. "आपल्याला बोलावलं नाही, हे माणूस प्रसादाबरोबर गिळतं, पण वर्षभर पचत नाही त्याला."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्या कायमच्या मुलाकडे, कॅनडाला जाणार होत्या. शेवटची यादी चोख व्हावी, एवढीच इच्छा. मी लगेच छाती पुढे काढली. दोन याद्यांमधली नावं जुळवायची, याचाच तर मी पगार घेतो!

एक एक्सेल शीट बिल्डरच्या ऑफिसातलं, फ्लॅटमालकांच्या पूर्ण नावांचं. दुसरं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उतरवलेलं. त्यात 'आर्याची मम्मी', 'बुलेटवाले', 'सुब्बू सर' अशी थोर मंडळी. मी फॉर्म्युला लावला. जुळलं ते ठेवलं, उरलं ते थोडं हातानं जुळवलं, बाकीचं उडवलं.

"अरे, एकदा दारोदार फिरून विचार की," काकू म्हणाल्या.

"काकू, हल्ली असं करत नाहीत."

गणपती बसले त्या पहिल्याच संध्याकाळी तात्या माझ्यापुढे उभे. सोसायटीखालची भातखाचरं त्यांचीच. बदल्यात मिळालेले चार फ्लॅट आई, बायको, मुलगा आणि स्वतःच्या नावावर.

"आरं, मला एकट्याला चार आरत्या? गणपतीलाबी कट्टाळा यील की माजा!"

"असू द्या तात्या, आवाज चांगलाय तुमचा," काकू म्हणाल्या.

"आवाज व्हय! कुत्री पळत्यात."

विसर्जनाच्या दिवशी शेवटची आरती. मानकरी पुकारायला माईक माझ्या हातात. शेजारी काकू नेहमीसारख्या कापूर काढून देत होत्या. मी यादीवर सहज नजर फिरवली, मग पुन्हा वरपासून खालपर्यंत फिरवली. काकूंचं घर कुठेच नव्हतं! फ्लॅट मुलाच्या नावावर. तो परदेशात, म्हणून त्या ओळीपुढे मीच 'घर बंद' लिहिलं होतं. आणि ग्रुपवरच्या नुसत्या 'काकू' कशाशीच जुळेनात, म्हणून उडवल्या होत्या. त्याच बंद घरात मी दर रविवारी शेवभाजी हाणत होतो.

"काकू, बोलला का नाहीत?"

"तुझा तो हल्लीचा फॉर्म्युला बघत होते," त्या कापराची डबी मिटत म्हणाल्या. "म्हटलं, निदान त्याला तरी मी आठवेन."

मला माईकमागे लपता आलं असतं तर लपलो असतो. तेवढ्यात तात्या पुढे झाले.

"माजी चवथी आजच हाय न्हवं? ती घ्या काकू. पुकार रं!"

मी माईक तोंडाशी नेला आणि थांबलो. काकूंचं नाव? आर्याच्या मम्मीकडे पाहिलं, तिनं बुलेटवाल्यांकडे. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी माईक झाकून त्यांनाच विचारलं.

"सुमन," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्यानं सांग. तात्यांच्या आईला कमी ऐकू येतं."

मी असा ओरडलो, की तात्यांच्या आईही दचकल्या. काकूंनी मात्र आरतीचं ताट सावकाश, दोन्ही हातांनी घेतलं.

आता यादी मी करतो. दारोदार फिरतो, बेल वाजवतो. आधी नाव विचारतो, मग घरात कोण कोण असतं ते. परवा सातव्या मजल्यावरच्या नव्या बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"जनगणना का?"

"नाही," म्हटलं, "आरती."